आपल्या नावातला ण

अण्णा, आपल्या नावातला ण बरोबर होता. हे सांगायला मला उशीर झाला. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली, आणि त्या ण वरून मी तुमच्याशी भांडले तेव्हा अकरा वर्षांची होते. पण व्याकरण उशिराला दोष मानत नाही, शब्द शुद्ध की अशुद्ध एवढंच पाहतं, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. तुम्हाला हे वाचायला मिळणार नाही हे मला कळतं. मी संस्कृत शिकवते. ज्यांच्याकडून उत्तर येत नाही अशांना उद्देशून केलेल्या रचना मी रोज चार तास मुलींकडून पाठ करून घेते. तेव्हा मला त्याची सवय आहे.

दुकान आठवतं ते पिवळं. सांगलीची पेठ, मागच्या गल्लीत हळदीची वखार, आणि वारा फिरला की आपल्या पांढऱ्या भांड्यांवर पिवळी पूड बसते. तुम्ही सकाळी आधी फडकं मारता, मग देवाला उदबत्ती लावता, आणि संध्याकाळपर्यंत ती भांडी पुन्हा नवरीसारखी पिवळी होतात. वर पाटी, ‘जर्मणवाले’. आपल्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनचा तांब्या. ते विकतो म्हणून आपण जर्मनवाले, यात गावात कुणाला शंका नव्हती आणि मला तर नव्हतीच. माझी शंका अक्षराची. सगळा मुलूख पाण्याला पानी म्हणतो, लोण्याला लोनी म्हणतो, आणि आमचे वडील एकटेच उलट्या दिशेने निघालेले, धडधाकट न चा ण करत. तुम्ही कुणाच्या तरी लेकीच्या लग्नातल्या कळशीवर नाव घालत बसला होतात. मांडीत कळशी, डाव्या हातात छिन्नी, उजव्यात ती बोटभर हातोडी, आणि ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटत चाललेलं. मी शाळेतून आले ती दप्तरासकट तुमच्यासमोर उभी राहिले.

“अण्णा, पाटीवर चूक आहे. जर्मन. नळातला न.”

“आपल्यात ण हाय,” तुम्ही मान वर न करता म्हणालात.

“पण बाई म्हणाल्या चूक आहे. सगळ्या मुली हसल्या.”

“आसंल चूक. आपलीच हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे.”

मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणाले, ज्यांना लिहिता येत नाही ते असं लिहितात. तेव्हा तुमची हातोडी चुकली. त्या कळशीवर एक ठिपका जास्तीचा पडला, कुठल्याच अक्षराचा नसलेला. तुम्ही तो अंगठ्याने चोळलात, जसा काही पुसला जाणार होता. “साळंत शिकलीस ते साळंत ठिव,” तुम्ही म्हणालात. “दुकानात बाप सांगंल ते अक्षर.” मला तुम्ही कधी मारलं नाहीत. पण जेवताना पहिली भाकरी नेहमी माझ्या ताटात टाकायचात, ती त्या रात्री आईने टाकली, एवढं मला आठवतं.

त्यानंतर वर्षाभरात ते शास्त्री आले. आपल्याकडे तांब्यावर नाव घालून घ्यायला आले होते, नाव त्यांना स्वतः लिहून द्यायचं होतं, तुमच्यावर विश्वास नव्हता. पाटी वाचूनच आत आले असणार. तुम्ही घाईने हात पुसलेत आणि विचारलंत, आमच्या पोरीला थोडं संस्कृत शिकवाल का. मुलगी, आणि भांडीवाल्याची. त्यांनी मला एक श्लोक म्हणायला लावला, मी म्हटला. मग ते तुमच्याकडे वळले. गाव कोणतं, कूळ कोणतं, गोत्र कोणतं? गाव तुम्ही सांगितलंत. कुळाला जरा घुटमळलात. आणि गोत्राला मात्र प्रश्न संपायच्या आत म्हणालात, “काश्यप.” इतक्या पटकन, की जणू छिन्नी आधीच ठेवलेली होती आणि हातोडी तेवढी बसायची होती. शास्त्री हसले. म्हणाले, “बरं. उद्यापासून पाठवा.” ते का हसले ते मला पुढे त्यांच्याकडेच शिकताना कळलं. ज्याला आपलं गोत्र ठाऊक नसतं त्याने काश्यप सांगायचं, असा संकेत आहे. म्हणजे तुम्ही त्यांना नीट संस्कृतात सांगितलं होतं की मला माहीत नाही. मी समजले की तुम्हाला खरंच माहीत नाही.

आता इकडचं सांगते. मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत आहे, नोकरीच्या पंधराव्या वर्षापासून केस पिकू लागले, आता ते काम पूर्ण झालं आहे. यंदा सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नाही. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळते, तिची भाकरी थापली की मोडते. आमच्या मधल्या सुट्टीत मुलींना सुकडी वाटतात, आणि रस्तोरस्ती बायकामाणसं खडी फोडत बसलेली असतात. दुष्काळी काम. सांगलीकडे जाणारा रस्ता रुंद करायचा आहे, आणि त्याच्या कडेला लष्करी छावणीच्या वेळचं गोऱ्यांचं कबरस्तान आहे, त्याची एक पट्टी रस्त्यात जाते. एका दुपारी तिथला मुकादम शाळेत आला. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. दारात टाच जुळवून उभा राहिला तशा नववीच्या सगळ्या मुली उगाचच ताठ बसल्या.

“बाई, येक दगुड वाचून द्या,” तो म्हणाला. “सायबाच्या थडग्याचा हाय, पर अक्षरं देवाची हायत. बायांनी घण खाली ठिवलाय. म्हनत्यात आमी न्हाई फोडनार, पाप लागंल. माजं काम बंद पडलंय.”

मी गेले. फाटकाशी आल्यावर मला ते फाटक कुठे तरी पाहिल्यासारखं वाटलं, पण लोखंडी फाटकं सगळी सारखीच असतात. आत इंग्रजी अक्षरांचे बरेच दगड होते, आणि कडेला हा एकटा, काळा, आपल्या नदीकाठच्या पायऱ्यांना असतो तसल्या दगडाचा. वरचा कोपरा घणाने उडाला होता, म्हणजे बायांच्या लक्षात येईपर्यंत दोनचार घाव बसले होते, आणि त्या कोपऱ्याबरोबर नाव गेलं होतं. उरलेलं मी मोठ्याने वाचलं, कारण बाया भोवती जमल्या होत्या. शर्मण्यदेशादागतः इह शेते. शर्मण्य देशातून आलेला इथे झोपला आहे. जुने पंडित जर्मनीला शर्मण्य देश म्हणत. शर्मा आडनावाच्या लोकांचा मुलूख वाटावा इतकं घरगुती नाव. मला पहिलं काय दिसलं असेल तर चूक. आगतः इह असं लिहीत नाहीत, पुढे स्वर आला की तो विसर्ग जातो. मी मुकादमाला ते सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, “ते दोन ठिपकं? राहू द्यात की, बाई. मेल्यालं मानूस हाय.”

मग मी खाली वाकून दगडाच्या पायाशी बसलेली माती काढली. तिथे साध्या मराठीत एक शब्द होता, ज्याने दगड उभा केला त्याचा. जर्मणवाले. ण होता.

मला त्या वेळी काय वाटलं हे तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की काही वाटलं नाही. पायाला मुंग्या येतात आणि मग पाय आपला नसतो, तसं काहीसं, पण डोक्याला. मी उठले, पदर झटकला आणि मुकादमाला विचारलं की आता ह्याचं काय होणार. तो म्हणाला, नियम असा की थडग्याचा कुणी वारस असेल तर त्याने अर्ज करायचा, म्हणजे दगड आतल्या बाजूला नीट हलवून देतात. नसेल तर तो रस्त्याचा. “पंधरा दीस मी दाबून ठिवतो, बाई. पंधरा दिसांच्या वर माजा हात न्हाई पोचायचा.” मी म्हणाले, बघते. कशाला बघते, ते त्याने विचारलं नाही.

शाळेत परत येऊन मी मुलींना समास शिकवले. राजवाडा, राजाचा वाडा. आंबेवाले, आंबे विकणारे. आयुष्यभर मी पोरींच्या वह्यांतले चुकलेले विग्रह तांबड्या शाईने दुरुस्त केले, अण्णा, आणि माझं आडनाव मी कधी नीट फोडून पाहिलं नाही. वाले म्हणजे विकणारेच असं कुठे आहे? गाववाले गाव विकत नाहीत. जर्मनवाले, जर्मनाचे. आणि तो ण. र च्या मागोमाग त्याच शब्दात न आला तर त्याचा ण होतो, मधे म असला तरी होतो. म्हणून कर्मणा, म्हणून शर्मणा. हा नियम मी स्वतः शिकवते. दगडावरचा मजकूर कुणा तरी शास्त्र्याने सांगितला असणार. त्याने परका शब्द घेतला, संस्कृताच्या सरावाने त्याचा ण केला आणि पुढे विसर्गावर डुलकी काढली. आणि तुम्ही तो ण तसाच्या तसा उचलून सांगलीला आणलात, कारण तुम्हाला व्याकरण येत नव्हतं, दगड येत होता.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या देवळात, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनामंदिरात गेले. तिथले पाळकसाहेब म्हातारे, मृदू, आणि बोलायला कुणी न मिळालेले. त्यांनी कपाटातून दफनांची वही काढून दिली. वाळवीने अर्धी वाचलेली होती, माझ्याआधी. जर्मनीचा असा त्यात एकच होता, तो सापडला. त्याचं नाव त्या एका देवळाच्या तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. मी इथे लिहीत नाही, कारण तिन्हीतलं कुठलंच मला म्हणता येत नाही, आणि तुम्ही ते माझ्यासमोर कधी म्हटलं नाहीत. गावाच्या जागी जर्मनीतलं कुठलं तरी गाव. वय एकोणसाठ. कामाचा रकाना पाळकसाहेबांनी भिंगातून वाचला आणि म्हणाले, “अक्षरं कापणारा.” मी म्हटलं, म्हणजे? तर छापखान्याचे खिळे असतात ना, त्यांच्यासाठी आधी पोलादावर एकेक अक्षर उलटं कोरावं लागतं, ते करणारा. इथल्या एका छापखान्याला नागरी अक्षरं हवी होती म्हणून तो आला, आणि परत गेल्याची नोंद नाही. जी वाचता येत नव्हती अशा लिपीची अक्षरं उलटी कोरत त्याने इथे तीस वर्षं काढली. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचा एक मुलगा आहे. आईच्या नावापुढे फक्त ‘विट्याकडची’ आणि वाडीचं नाव. मुलाचं नाव माझ्या आजोबांचं.

पाळकसाहेबांनी ते सगळं मला त्यांच्या सुवाच्य अक्षरात उतरवून दिलं, खाली सही केली. देताना विचारलं, “आपले कोण लागत होते?” मी म्हणाले, शाळेच्या कामासाठी हवं आहे. बघा, तेव्हाच.

रविवारी विट्याला गेले. तिकडची निम्मी घरं कुलूपबंद किंवा बायकांच्या हाती, पुरुष सगळे सोनं गाळायला कुठे कुठे गेलेले. मद्रास काय, कलकत्ता काय, त्या बायका ही नावं शेजारच्या वाडीसारखी घेतात. मला कुणाच्या घरी जायचं नव्हतं. मला हेळवी हवा होता. तुम्हाला हेळवी आठवतात, बैलावर बसून दारात यायचे आणि घराच्या पिढ्या घडाघडा म्हणायचे. आपल्या दारात मात्र ते कधी थांबले नाहीत, आणि मी विचारलं तर तुम्ही म्हणायचात, ‘आपुन बाजारातली मानसं, आपल्याला कशाला हेळवी.’ ह्या वर्षी ते दारोदार फिरत नव्हते. बैलाला चारा नाही. तो मला गुरांच्या छावणीत सापडला, आपल्या नंदीशेजारी बसलेला, हातात चाऱ्याच्या पेंढीची चिठ्ठी. मी वहीतल्या त्या मुलाच्या आईचं नाव आणि वाडी सांगितली. त्याने वही उघडली नाही. डोळे मिटले आणि सात पिढ्या म्हणत खाली उतरत आला, एकही पायरी न चुकता, आणि त्या बाईपाशी येऊन अडखळला.

“त्या घरची धाकटी लेक. दादला परमुलखाचा. पोरगं येक. पोरगं बाजारात बसून भांड्यावर नावं घालायचं. पुढं सांगलीस गेलं.”

“दादल्याचं नाव?”

“न्हाई, अक्का.”

“तुमच्या वहीत तर बैलाचंसुद्धा नाव असतं म्हणे.”

“बैलाचं म्हनता येतंय की,” तो म्हणाला. “आमच्या थोरल्याला त्येचं नाव म्हनताच येईना. जे म्हनता येईना ते पाठ कसं ठिवायचं? मग त्यानं परमुलखाचा म्हून सोडून दिलं.” मग माझ्याकडे नीट बघून त्याने विचारलं, “त्या सांगलीच्या घरातलं कुनी हाय का आता? आसलं तर सांगा, जोडून टाकतो. तुटल्यालं बरं दिसत न्हाई.” मी म्हणाले, चौकशी करते. नंदी तेवढा माझ्याकडे बघत राहिला.

तिथून तशीच सांगलीला आत्याकडे. ती आता चौऱ्याऐंशीची आहे, दिसत नाही, दात नाहीत, आणि तुमच्याबद्दलची मतं आहेत तशीच आहेत. मी तिला दगडाचं सांगितलं. ती चुलीपुढे बसून मिलोच्या कण्या ढवळत होती, जर्मनच्या पातेल्यात, तुमच्याच दुकानातल्या. ढवळणं थांबलं नाही.

“मिळाला व्हय आजा,” ती म्हणाली. “लय दीस लागलं तुला. येवढी शिकल्याली तू.”

“तुला माहीत होतं?”

“मला न ठावं आसायला काय झालं? आमच्या बाला सगळा बाजार जर्मनाचा पोरगा म्हनायचा. नावं घालायला बसायचा बा. मग ती पांढरी भांडी निगाली, त्यास्नी लोकं जर्मन म्हनाय लागली. येक बाई आली न्हवं, म्हनली, जर्मनाचं दुकान ह्येच का, मग पातेलं दाखवा की. बा म्हनला, आमच्यात पातेली न्हाईत. तर ती म्हनती, मग जर्मन कशाला म्हनवून घेता? दुसऱ्या बाजारी बानं चार पातेली आनून ठिवली.” ती हसली, ठसका लागला. “तवापास्नं आपुन भांडीवालं.”

आपलं नाव धंद्यावरून पडलं नव्हतं, अण्णा. धंदा नावावरून पडला होता. हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. मी आता लिहिताना बघते आहे, आता तरी येतं का.

“आणि अण्णा?” मी विचारलं.

“तुजा बा दरसाली जायाचा साताऱ्याला. भांडी आनाय जातो म्हनायचा. साताऱ्यास्नं कवा आली गं भांडी आपल्याकडं? भांडी मिरजंला रेल्वेनं यायची. दगुड धुयाला जायाचा तो. तुला न्हेलं व्हतं की येकदा.”

तेव्हा मला फाटक आठवलं. मी सहा-सात वर्षांची आहे. तुम्ही मला फाटकाबाहेर दगडावर बसवता, ओंजळीत भाजलेल्या शेंगा देता, म्हणता, हितंच ऱ्हा, हालू नगंस, मी तोंड धुऊन येतो. हातात जर्मनचा तांब्या भरलेला. मी शेंगा फोडते, टरफलं ओळीने मांडते. तुम्ही परत येता तेव्हा तांब्या रिकामा आहे, धोतर गुडघ्यावर ओलं आहे आणि तोंड कोरडं. मी म्हणते, अण्णा, तोंड नाही धुतलं. तुम्ही म्हणता, इसरलो. तो तांब्या पुढे मी नोकरीला निघाले तेव्हा तुम्ही मला दिलात, त्यावर आडनाव घालून, ण सकट. मी शिक्षिकांच्या हॉस्टेलवर त्या ण ची लाज वाटून ती बाजू भिंतीकडे करून ठेवायची.

“मग मला का नाही सांगितलं कुणी?”

आत्याने पातेलं उतरवलं. “तुला शास्त्र्याकडं घालायचं व्हतं न्हवं? मी म्हनलं व्हतं त्येला, खरं सांग, काय गिळतो का बामन. तर म्हनला, आक्के, येकदा खरं सांगून पोरीची पाटी फुटली तर? घोट आपुन गिळू, पोरगी शिकू दे. त्या दिशी घरी येऊन जेवला न्हाई त्यो. म्हनला, आज मी आज्याला न्हाई म्हनून आलो.” मग थोडं थांबून, “दगडाला अर्ज कर म्हनत्यात तर कर की आता. तुला आता कोन काय म्हनतंय? तुजी तर साळा झाली करून.”

मी तिला हो म्हणाले. मी मनापासून हो म्हणाले होते, हे तुम्ही धरा. परतीच्या एस.टी.त मी अर्जाचा मजकूरही जुळवला. पणजोबा हा शब्द मी दोनदा पुटपुटून पाहिला, म्हणता येत होता.

पंधराव्या दिवशी मी पाळकसाहेबांचा कागद पिशवीत घालून निघाले. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्यांनाही तो संस्कृत दगड बघायचा आहे, त्या बरोबर आल्या. तिथे बाभळीखाली टेबल मांडलेलं, हजेरीचा कागद, मुकादम, कचेरीतून आलेला एक कारकून, आणि जरा पलीकडे बाया घण टेकून सावलीला बसलेल्या. मुकादमाने दगड धुऊन ठेवला होता, पायाशी तेवढी माती पुन्हा सरकून तो शेवटचा शब्द झाकला होता. त्या दुष्काळात त्याने पाणी कुठून आणलं मला माहीत नाही. कारकून थट्टेत म्हणाला, “गोऱ्या साहेबाला इथं कोण वारस सापडणार? इथल्या काळ्या उन्हात?” मुख्याध्यापिका हसल्या. बाया हसल्या. एक म्हणाली, “आसंल की एकांदं घाऱ्या डोळ्याचं!” आणि सगळ्या एकमेकींच्या डोळ्यांत बघायला लागल्या. मीही हसले. माझे डोळे घारे नाहीत. तुमचे होते.

मुकादमाने अर्जाचा कागद पुढे ओढला, पेन झटकलं. “बाई, तुमी येवढी धावपळ केली. घावलं का कुनी? नाव सांगा, नातं सांगा, मी भरतो.” आणि पेन कागदाला टेकवून, मान वर न करता त्याने विचारलं, “नातं काय लिऊ?”

“कुणी नाही,” मी म्हणाले. “मी फक्त वाचायला आले होते.”

प्रश्न नीट संपलाही नव्हता, अण्णा. इतक्या पटकन. मला घाबरायला वेळ मिळाला नव्हता, लाज वाटायला वेळ मिळाला नव्हता, काही तोलून पाहायला तर नव्हताच. तुमच्याकडे निदान एक पोरगी होती शिकवायची. माझ्याकडे काय होतं? नोकरीची आठ वर्षं उरलीत, कुणी माझं काही वाकडं करणार नव्हतं, मुख्याध्यापिका फार तर घरी जाऊन नवऱ्याला सांगत्या. पिशवीतला कागद पिशवीतच राहिला. मुकादमाने एक क्षण माझ्याकडे पाहिलं, माझ्या आडनावाची पाटी शाळेच्या फळ्यावर त्याने पाहिली होती का, मला माहीत नाही. मग त्याने रकान्यात आडवी रेघ मारली आणि बायांना म्हणाला, “उठा गं.”

त्या दगडाची खडी झाली नाही. बायांनी घण लावायला साफ नकार दिला. पंधरवड्याने मुकादम मला बाजारात भेटला, टाच जुळवून म्हणाला, “बाई, त्यो मोरीवर टाकला. रस्त्याखाली. अखंड हाय. अक्षरं खाली केली मी, वर ठिवली आसती तर चाकानं गेली आसती.” मी म्हणाले, चांगलं केलंत. मोरीखालून पाणी जायला हवं, पण पाऊस नसल्यामुळे तिथे सध्या काही जात नाही. विसर्ग आहे, ण आहे, आणि वाचायला कुणी नाही.

हेळव्याला मी काही कळवलं नाही. आत्याला सांगितलं की दगड आत हलवला. ती म्हणाली, बरं झालं, आता तुज्या बाला झोप लागंल. मी हो म्हणाले. तांब्या काढून मी खिडकीत ठेवला आहे, नावाची बाजू खोलीकडे करून. खोलीत मीच असते, म्हणून हे काही मोठं धाडस नाही.

महिन्यातून एकदा मी आत्याला बघायला सांगलीला जाते. एस.टी. कबरस्तानाची भिंत ओलांडते, मग एक बाभूळ येते, मग ती मोरी. मी डाव्या बाजूला खिडकीशी बसते. बाभूळ दिसली की मी दोन्ही पाय जमिनीपासून थोडे वर उचलते आणि मोरी गेली की खाली ठेवते. शेजारच्या माणसाला वाटत असेल, बाईंच्या पायाला मुंग्या आल्या.